प्रकाशाची लिपी वाचणारा धर्मगुरू

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही घराकडे निघतो तेव्हा गावातील कंदिलांची रोषणाई मागे राहते आणि वाडीच्या वाटेवर एकदम काळोख लागतो. त्या वेळी डोके वर केले की मृग नक्षत्र माथ्यावरून पश्चिमेकडे कलू लागलेले दिसते. दक्षिणेस व्याधाचा तारा निळसर शुभ्र तेजाने लखलखत असतो. मृगाच्या खांद्यावरील काक्षी निखाऱ्यासारखी तांबूस दिसते, तर उत्तरेकडे ब्रह्महृदयाचा तारा देवघरातील समईच्या ज्योतीसारखा पिवळसर तेवत असतो. गेल्या नाताळात याच वाटेवर आमचा हात धरून चालणाऱ्या नातीने विचारले, "आजोबा, तो पांढरा आणि हा लाल, असं का? तिथं जाऊन कुणी बघितलंय का?"

तेथे कोणी गेलेले नाही, जाण्याची शक्यताही नाही, हे आम्ही तिला सांगितले. तरीही व्याधात काय आहे आणि काक्षीत काय आहे हे माणसाला ठाऊक आहे, हेही सांगितले. त्यावर तिने "मग कसं कळलं?" असे विचारले आणि त्या थंडीत आम्हांस धड उत्तर देता आले नाही. ते राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख होय. या उत्तराच्या मध्यभागी रोममधील एका चर्चच्या छतावर रात्रीमागून रात्री जागवणारा एक येशूसंघीय धर्मगुरू उभा आहे. आपल्या धर्मग्रामांतील फार थोड्या घरांत त्याचे नाव माहीत असेल, म्हणून त्याची कथा थोड्या विस्ताराने सांगावीशी वाटते.

एका तत्त्वज्ञाची भविष्यवाणी

१८३५ साली ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने मानवी ज्ञानाच्या मर्यादा सांगताना ताऱ्यांचा दाखला दिला. ताऱ्यांची अंतरे, त्यांचे आकार आणि त्यांच्या गती माणूस कधी तरी मोजील. परंतु ते कोणत्या द्रव्यांचे बनलेले आहेत हे मात्र त्याला कोणत्याही उपायाने कधीच कळणार नाही, असे त्याचे मत होते. त्या काळी हे मत कोणास अवाजवी वाटले नसावे. एखादा पदार्थ कशाचा बनला आहे हे जाणावयाचे तर तो हाती घ्यावा लागतो, तापवावा लागतो, विरघळवावा लागतो. तारा हाती कसा यावा? ताऱ्याकडून आपल्यापर्यंत पोहोचते ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे त्याचा प्रकाश.

मात्र त्या एका वस्तूत किती मजकूर दडलेला आहे याची कोंतला कल्पना नव्हती. तो १८५७ साली वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याची भविष्यवाणी खोटी ठरली.

झुंबराचा लोलक आणि चुलीतील मीठ

जुन्या चर्चमध्ये टांगलेल्या झुंबरांचे लोलक आपण सर्वांनी पाहिले आहेत. सकाळची तिरपी किरणे त्यांवर पडली की समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचे पट्टे नाचू लागतात आणि मुलांचे लक्ष प्रवचनावरून उडते. पांढरा प्रकाश हा अनेक रंगांच्या प्रकाशांचे मिश्रण असून लोलक ते मिश्रण सोडवून दाखवतो, हे सतराव्या शतकात न्यूटनने प्रयोगाने सिद्ध केले. रंगांच्या या पट्ट्याला वर्णपट असे म्हणतात.

या वर्णपटाकडे अधिक बारकाईने पाहिले ते योसेफ फ्राउनहोफर या जर्मन काचकारागिराने. हा पोरका मुलगा म्युनिकमध्ये काचेच्या कारखानदाराकडे उमेदवारी करीत असता १८०१ साली ते घर कोसळले आणि तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला. सुदैवाने तो जिवंत बाहेर निघाला, आणि पुढे त्याच्यासारखी भिंगे युरोपात कोणी घडवीना. १८१४ साली त्याने सूर्याचा वर्णपट दुर्बिणीतून मोठा करून पाहिला तेव्हा रंगांच्या त्या सलग पट्ट्यात त्याला शेकडो बारीक काळ्या रेषा दिसल्या. त्याने पाचशेहून अधिक रेषांची नोंद केली. व्याधाचा प्रकाशही त्याने लोलकातून पाहिला, आणि त्यातील रेषा सूर्याच्या रेषांहून वेगळ्या आहेत हे त्याच्या ध्यानी आले. परंतु या रेषांचा अर्थ त्याला उमगला नाही. १८२६ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, तो मरण पावला. अक्षरे सापडली होती. मात्र ती वाचता येत नव्हती.

ती वाचण्याची किल्ली १८५९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह किरखॉफ आणि रॉबर्ट बुन्सेन या दोघा प्राध्यापकांना गवसली. तिचे मर्म आपल्या स्वयंपाकघरातही पाहता येते. चुलीच्या जाळावर चिमूटभर मीठ पडले की ज्वाला क्षणभर पिवळीधमक होते. हा पिवळेपणा मिठातील सोडियमचा होय. लोलकातून पाहिल्यास तो वर्णपटात एका ठराविक जागी, एकमेकींना चिकटून असलेल्या दोन पिवळ्या रेषांच्या रूपाने दिसतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा स्वतःच्या रेषा असतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे एकाच्या रेषा दुसऱ्यास कधीच जुळत नाहीत. आता याच सोडियमची तुलनेने थंड वाफ एखाद्या अतितप्त, प्रखर प्रकाशाच्या आड आली, तर ती नेमके तेच पिवळे किरण शोषून घेते आणि उजळ रेषांच्या जागी काळ्या रेषा उमटतात. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफरला दिसलेल्या दोन काळ्या रेषा बरोबर त्याच जागी होत्या. म्हणजेच सूर्याभोवतालच्या वायूंत सोडियम आहे! आपल्या किनाऱ्यावरील मिठागरांत जे आहे, तेच सूर्यातही आहे. कोंतने अशक्य ठरवलेली गोष्ट पाव शतकाच्या आत शक्य झाली होती.

छतावरची वेधशाळा

किल्ली हाती आली, तरी आकाशातील हजारो पत्रे उघडून वाचावयाची होती. ताऱ्याचा प्रकाश मुळातच क्षीण. तो लोलकातून पसरला की अधिकच फिका पडतो. छायाचित्रणकला तेव्हा बाल्यावस्थेत होती. म्हणून हे काम डोळ्यांनी पाहून आणि हाताने रेखाटूनच करावे लागे. लंडनमध्ये विल्यम हगिन्स, अमेरिकेत लुईस रदरफर्ड आणि इटलीत जोव्हान्नी दोनाती अशी काही मंडळी साधारण एकाच काळात या कामास लागली. यांपैकी हगिन्स यांनी मोजक्या ताऱ्यांचा अत्यंत सखोल अभ्यास केला. एकूण आकाशाची शिरगणती करण्याचे काम मात्र फादर आंजेलो सेक्की यांनी आपल्या अंगावर घेतले.

सेक्की यांचा जन्म उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी २८ जून १८१८ रोजी झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते येशूसंघात दाखल झाले. १८४८ च्या क्रांतीत येशूसंघीयांना रोम सोडावे लागले, तेव्हा हा तरुण धर्मगुरू आधी इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट येथे व नंतर अमेरिकेतील जॉर्जटाउन येथे निर्वासित म्हणून राहिला. १८४९ साली परतताच रोमन कॉलेजच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांच्यावर आली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

हे रोमन कॉलेज म्हणजे संत इग्नेशियस यांनी १५५१ साली स्थापन केलेले विद्यापीठ. १५८२ च्या पंचांगसुधारणेत, म्हणजे आज आपण वापरतो त्या कॅलेंडराच्या जडणघडणीत, मोठा वाटा असलेले फादर क्लाव्हियस येथेच शिकवीत. १६११ साली गॅलिलिओच्या दुर्बिणीतील शोधांना याच कॉलेजच्या खगोलज्ञांनी दुजोरा दिला आणि त्याचा येथे सत्कारही झाला. पुढे १६३३ साली त्याच रोममध्ये गॅलिलिओला न्यायासनासमोर उभे करण्यात आले, ही गोष्टही आपण विसरता कामा नये. तो इतिहास झाकून ठेवल्याने कोणाचेच हित होणार नाही. परंतु तेवढाच इतिहास सांगून थांबणे हेही अर्धसत्यच ठरेल.

कॉलेजला लागूनच संत इग्नेशियस यांचे भव्य चर्च आहे. या चर्चला मोठा घुमट बांधावयाचा बेत होता व त्यासाठी भक्कम खांबही उभारले गेले होते. परंतु घुमट काही बांधला गेला नाही. त्याच्या जागी आंद्रेआ पोत्सो या येशूसंघीय बंधूने १६८५ साली एका प्रचंड कापडावर घुमटाचे चित्र रंगवले. खालून पाहणाऱ्यास आजही तो खराच घुमट वाटतो. दुर्बिणीस हादरा बसू नये म्हणून पायाखाली अचल आधार हवा असतो. न झालेल्या घुमटासाठी उभारलेले खांब तेवढेच अचल आहेत, हे सेक्की यांनी हेरले आणि १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत चर्चच्या छतावर नवी वेधशाळा उभी केली. तेथे त्यांनी सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण बसवली. ती म्युनिकच्या मेर्त्स यांनी घडवलेली होती, आणि मेर्त्स हे फ्राउनहोफरच्याच कारखान्याचे वारसदार. अशा रीतीने ढिगाऱ्यातून वाचलेल्या त्या पोरक्या मुलाची विद्या चर्चच्या छतावर येऊन पोहोचली. खाली भाविक रंगवलेल्या घुमटाकडे पाहून प्रार्थना करीत असत, आणि वर एक धर्मगुरू खऱ्या आकाशाकडे डोळा लावून बसलेला असे.

१८६२-६३ च्या सुमारास झूल झान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ एक सुटसुटीत वर्णपटदर्शक घेऊन रोमला आला, आणि त्या दोघांनी मिळून काही ताऱ्यांचे वर्णपट पाहिले. त्यानंतर सेक्की यांनी हे काम कधी सोडले नाही. पुढे त्यांनी दुर्बिणीच्या मुख्य भिंगापुढेच मोठा लोलक बसवण्याची पद्धत वापरली. तिच्यामुळे प्रकाश कमी वाया जाई आणि फिकट तारेही तपासता येत. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांनी चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट तपासले होते. अध्यापन, हवामानाच्या नोंदी आणि सूर्यावरील डागांची चित्रे ही दैनंदिन कामे सांभाळून हे सारे चालले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संख्येचा अर्थ कळतो.

ताऱ्यांची कुळे

या परिश्रमांतून काय निष्पन्न झाले? आकाशात तारे अगणित असले तरी त्यांच्या वर्णपटांचे प्रकार मोजकेच आहेत, हे सेक्की यांच्या ध्यानी आले. १८६६ ते १८६८ या काळात त्यांनी हे प्रकार जगापुढे मांडले. पहिला वर्ग शुभ्र व निळसर ताऱ्यांचा. यांत हायड्रोजनच्या ठळक काळ्या रेषा दिसतात. व्याध आणि अभिजित हे त्याचे प्रतिनिधी. दुसरा वर्ग पिवळ्या ताऱ्यांचा. यांत धातूंच्या असंख्य बारीक रेषा असतात. आपला सूर्य, ब्रह्महृदय आणि स्वाती हे या कुळातले. तिसरा वर्ग नारिंगी-तांबड्या ताऱ्यांचा. यांत सुट्या रेषांबरोबर रुंद पट्टे दिसतात. काक्षी आणि ज्येष्ठा हे त्यातील ठळक तारे. चौथ्या वर्गात फिकट, गडद तांबडे असे थोडेच तारे येतात. त्यांच्या वर्णपटातील पट्टे कार्बनचे आहेत, हेही सेक्की यांनी ओळखले. शर्मिष्ठा समूहातील एका ताऱ्यात त्यांना १८६६ साली हायड्रोजनची काळी नव्हे तर उजळ रेषा आढळली. अशा ताऱ्यांसाठी त्यांनी पुढे पाचवा वर्ग केला.

नाताळच्या रात्री आमच्या नातीने बोट दाखवलेला पांढरा तारा पहिल्या वर्गाचा आणि लाल तारा तिसऱ्या वर्गाचा. त्या दोहोंच्या जोडीला दुसऱ्या वर्गातील ब्रह्महृदयही त्याच वेळी आकाशात होते. सेक्की यांचे तीन मुख्य वर्ग आपल्या वाडीच्या वाटेवरून एका दृष्टिक्षेपात पाहता येतात!

सेक्की यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. सूर्यपृष्ठाचे तापमान त्यांनी लाखो अंशांच्या घरात सांगितले होते. प्रत्यक्षात ते सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. परंतु त्यांची नजर केवळ आकाशातच अडकलेली नव्हती. १८६५ साली पोपमहोदयांच्या एका जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने सोडून, त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात यावरून पाण्याची पारदर्शकता मोजली. 'सेक्की तबकडी' या नावाने हे साधे साधन समुद्राचे व तलावांचे अभ्यासक आजही वापरतात. वर ताऱ्यांचा प्रकाश आणि खाली पाण्यात शिरणारा प्रकाश, अशी दोन्हीकडे त्यांची जिज्ञासा सारखीच जागी होती.

कसोटीची वर्षे

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि पोपमहोदयांची राजसत्ता संपुष्टात आली. १८७३ साली धर्मसंघांची मालमत्ता सरकारजमा करणारा कायदा रोमला लागू झाला आणि रोमन कॉलेज येशूसंघाच्या हातून गेले. नव्या राज्याला सेक्की यांची कीर्ती हवी होती. त्यांना रोमच्या विद्यापीठात खगोलभौतिकीचे अध्यासन देऊ करण्यात आले, परंतु आपला संघ व पोपमहोदय यांच्याशी असलेली निष्ठा सोडून ते पद स्वीकारणे त्यांना मान्य झाले नाही. एवढ्या नामांकित शास्त्रज्ञास बाहेर काढणे सरकारलाही जड गेले. अखेर, खालचे कॉलेज सरकारचे आणि छतावर सेक्की आपल्या दुर्बिणीपाशी, अशी विचित्र व्यवस्था त्यांच्या हयातीपुरती चालू राहिली.

आपण स्वतःला त्यांच्या जागी कल्पून पाहावे. एका बाजूस, धर्मगुरूला विज्ञान काय कळणार असे म्हणणारे लोक. दुसऱ्या बाजूस, धर्मगुरूने एवढे विज्ञान कशास करावे असे कुजबुजणारे लोक. आणि पायाखालचे घर कायद्याने परके झालेले! त्यांनी वादात न पडता आपली वही पुढे चालू ठेवली. १८७१ साली पिएत्रो ताक्किनी यांच्या साहाय्याने त्यांनी इटलीतील वर्णपट-अभ्यासकांचा संघ उभा केला. ताक्किनी हे नव्या इटलीच्या शासनाच्या सेवेतील शास्त्रज्ञ होते. पण पालेर्मोत ते आणि रोममध्ये सेक्की, असे दोघे ठरवून सूर्याच्या कडेवरील ज्वालांची चित्रे काढीत आणि एकमेकांशी ताडून पाहत. राजकारणाने उभी केलेली भिंत या दोघांच्या कामाच्या आड आली नाही.

१८७७ साली सेक्की यांचा ताऱ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी, पोप नववे पायस यांच्या निधनास तीन आठवडेही झाले नसताना, कर्करोगाने त्यांचा अंत झाला. पुढील वर्षी वेधशाळा सरकारने ताब्यात घेतली. तिच्या प्रमुखपदी आले ते त्यांचे मित्र ताक्किनीच.

आपल्या भूमीवरील पाऊलखुणा

या इतिहासाचे काही धागे आपल्या देशातही येऊन मिळतात. सेक्की यांच्यासह वर्णपट पाहणारा झान्सेन १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आंध्रातील गुंटूर येथे आला. सूर्याच्या कडेवरील ज्वाला तप्त वायूंच्या असल्याचे त्याने वर्णपटावरून ओळखले आणि ग्रहण नसतानाही त्या पाहण्याची रीत शोधली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉक्यर यांनी इंग्लंडमध्ये बसून स्वतंत्रपणे तेच साधले. या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या जागेजवळ असली तरी सोडियमची नव्हती. ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी असे लॉक्यर यांना वाटले, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्यास 'हेलियम' हे नाव मिळाले. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९५ साली. हेलियमचा शोध कोकणातील विजयदुर्गावर लागला असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते, म्हणून येथे एक गोष्ट नमूद करणे योग्य होईल. लॉक्यर विजयदुर्गावर आले होते हे खरे, परंतु ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ साली ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गाचा मान त्याने उणा होत नाही. सूर्याचा प्रकाश वाचण्यासाठी उभारलेल्या छावणीचे स्थान म्हणून तो मान त्या किल्ल्याचाच आहे.

१८७४ च्या डिसेंबरात शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्यासाठी ताक्किनी बंगालमध्ये आले. त्यांच्याबरोबर निरीक्षणास कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर लाफाँ होते, आणि त्यानंतर त्या कॉलेजातही वेधशाळा उभी राहिली. आपल्या पुण्यात कावसजी दादाभाई नायगामवाला या पारशी प्राध्यापकाने भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभारली. तिच्यातील २० इंच व्यासाची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. १८९८ चे ग्रहण नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून पाहिले व वर्णपटांची छायाचित्रे घेतली. १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद होऊन ती दुर्बीण कोडाईकनाल येथे गेली.

लाल आणि पांढरा यांतील भेद

तारे लाल व पांढरे का दिसतात, याचे पुरते उत्तर मात्र सेक्की यांच्या हयातीत मिळाले नव्हते. वर्गांच्या रेषा इतक्या भिन्न, त्या अर्थी ते तारे भिन्न द्रव्यांचे असावेत, असे त्या काळी वाटणे स्वाभाविक होते. १९२० साली कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांनी दाखवून दिले की एकच द्रव्य निरनिराळ्या तापमानांत निरनिराळ्या रेषा दाखवते. त्यांच्या सूत्रांच्या आधारे सेसिलिया पेन या तरुण विदुषीने १९२५ साली अमेरिकेतील हार्वर्ड येथे सिद्ध केले की वर्गावर्गांतील भेद प्रामुख्याने तापमानाचा आहे, आणि जवळजवळ सर्व तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचेच बनलेले आहेत. हा दुसरा निष्कर्ष त्या काळच्या ज्येष्ठांना इतका अविश्वसनीय वाटला की त्यांच्या आग्रहावरून तो बहुधा खरा नसावा असे तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी त्याच ज्येष्ठांनी तो मान्य केला.

व्याधाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ९,७०० अंश, सूर्याचे सुमारे ५,५०० अंश, तर काक्षीचे सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस. लोहाराच्या भट्टीतील लोखंड आधी लाल, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसू लागते, तसाच हा प्रकार आहे. दरम्यान सेक्की यांच्या वर्गांची जागा हार्वर्डच्या अधिक सूक्ष्म वर्गीकरणाने घेतली होती. तेथे अॅनी जंप कॅनन या कर्णबधिर विदुषीने सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्ग लावले. त्या वर्गीकरणाचा पाया मात्र सेक्की यांच्या वहीतच आहे. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे, आणि २००६ साली सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या 'स्टीरिओ' या जुळ्या अमेरिकन यानांवरील उपकरणसंचासही 'सेक्की' असेच नाव देण्यात आले.

परंपरा येथेच थांबली नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी व्हॅटिकन वेधशाळेची नव्याने स्थापना केली. तिचे येशूसंघीय शास्त्रज्ञ आज अमेरिकेतील अॅरिझोना येथील दुर्बिणीतून प्रकाशाची तीच लिपी वाचीत आहेत. २०२५ साली या वेधशाळेच्या संचालकपदी फादर रिचर्ड डिसोजा यांची नेमणूक झाली. ते येशूसंघाच्या गोवा प्रांताचे आहेत. आपली शेजारीण असलेली देवयानी दीर्घिका सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी एका मोठ्या दीर्घिकेस गिळून बसली, असे त्यांनी एका सहकाऱ्यासह २०१८ साली मांडले. आपल्या मुलांना गॅलिलिओचे नाव शाळेत कळते, आणि ते कळलेच पाहिजे. पण त्याबरोबर सेक्की यांचे नाव घरात कळले, आणि या वाटेवर आज आपल्याच भूमीतील एक धर्मगुरू चालतो आहे हेही कळले, तर श्रद्धा की विज्ञान या पेचात सापडलेल्या एखाद्या हुशार मुलाला किंवा मुलीला आधार मिळेल.

काक्षी आपल्यापासून सुमारे साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षे दूर आहे. येत्या नाताळच्या रात्री तिचे जे किरण आपल्या डोळ्यांत शिरतील, ते निघाले तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा जन्मही झालेला नव्हता. एवढा पल्ला गाठून आलेला तो पाहुणा आपल्या घरची खबर बरोबर आणतो. नातीला आम्ही आता एवढेच सांगणार आहोत की, बाळ, तिथे कुणी गेलं नाही. तिथला प्रकाश इथवर आला, आणि एका फादरांनी जन्मभर रात्री जागून त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.